अण्णांसाठी फोन: सॅमसंग एम३५ का मोटो जी८५? सिम जिओचंच राहणार

आखाडा_परभणी
राम राम मंडळी. अण्णांचा फोन आता पार गेला. स्क्रीनला खालून पट्टा आलाय, आवाज कधी येतो कधी नाही, आणि ई-पीक पाहणीच्या टायमाला जीपीएस लागायलाच इतका वेळ घेतला की शेवटी शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून पाहणी करावी लागली. सोयाबीन निघालं, भावाचं काय सांगावं, २०२४चा हमीभाव ४८९२ कागदावर आणि मोंढ्यात त्याच्या बऱ्याच खाली, तरी म्हणलं दिवाळीला अण्णांना फोन घेऊच. बजेट वीस हजाराच्या आत.

फिरून फिरून दोन फोनवर आलोय, सॅमसंग गॅलक्सी एम३५ आणि मोटो जी८५. दोन्ही जुलै २०२४ला आलेले. घरात सगळ्यांचं सिम जिओचं, ते बदलायचं नाही, कारण अण्णांचा नंबर बँकेपासून बियाणाच्या दुकानापर्यंत सगळीकडं दिलेला आहे. प्रश्न खरा एकच आहे. आमचा आखाडा, म्हणजे शेतातली राहायची जागा, गावापासून लांब, जिंतूरकडच्या टेकाडाच्या खाली, वर पत्रे. तिथं फोन दोन काड्यांवर असतो. एकाच सिमवर ह्या दोन्हीत रेंज कोणता चांगला पकडतो? बाकी कॅमेरा बिमेरा अण्णांना काही देणंघेणं नाही. मी वाळूजला कंपनीत असतो, घेऊन दिला की रोज रोज दुरुस्तीला जमणार नाही, म्हणून एकदाच विचारून घ्यायलो.

गोदाकाठ_नांदेड
जी८५ डोळे झाकून घ्या. ८ जीबी १२८ वाला लाँचला १७,९९९ला होता, बॉक्समधे ३३ वॅटचा चार्जर येतो, हातात धरला तर वजनच लागत नाही, १७५ ग्रॅमच्या आत. एम३५ म्हणजे २२२ ग्रॅमचा दगड आहे दगड, वरून चार्जर वेगळा विकत घ्या. अण्णांच्या शर्टाचा खिसा फाटंल भाऊ 😄

तुळजापूर_रोड
बारा चौदा हजारात काम होत असताना वीस कामून घालवायले?

आखाडा_परभणी
@तुळजापूर_रोड आधीचा स्वस्तातलाच होता राव, त्याचंच हे चाललंय.

मोंढ्यावरचा
सॅमसंग. कारण एक, ६००० एमएएचची बॅटरी. आमच्याकडं थ्री फेज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, सिंगल फेजचं काही खरं नाही, आखाड्यावर तर बोर्डच मोटारीचा असतो. तिथं तुमचा ३३ वॅटचा चार्जर काय चाटायचाय का, लाईटच नसल्यावर. मोटोला ५००० आहे. माणूस सकाळी सहाला निघतो आणि रात्री पाणी द्यायला परत जातो, त्याला बॅटरी पाहिजे, पातळपणा नाही.

गोदाकाठ_नांदेड
५००० पण दिवसभर जातेच की. माझा जातो.

मोंढ्यावरचा
तुम्ही ऑफिसात वायफायवर असता दादा. दोन काड्यांवर फोन ठेवून बघा दिवसभर.

बालाघाट_वारा
हे बरोबर बोलले. मी टावरच्या कामावर असतो, आधी मूळ प्रश्नाचं सांगतो मग तुम्ही भांडा.

फोन रेंज "ओढतो" हे अर्धंच खरं आहे. आधी बघायचं असतं फोनला कंपनीचे बँड आहेत का, बँड म्हणजे सिग्नल ज्या लहरींवर चालतो त्या पट्ट्या. जिओचं ४जी तीन बँडवर चालतं, ८५० (बँड ५), १८०० (बँड ३) आणि २३०० (बँड ४०). लांब जाणारा आणि भिंतीतून घुसणारा म्हणजे ८५०वाला. ५जीला मुख्य दोन, ३.५ गिगाहर्टझचा एन७८ आणि ७०० मेगाहर्टझचा एन२८. एन७८ला स्पीड मोप पण तो लांब जात नाही, भिंत आली की ढेपाळतो. खेड्यात तुमच्या कामाचा एन२८. २०२२च्या लिलावात हा ७००वाला एकट्या जिओनंच घेतला होता, तोही सगळ्या सर्कलमधे. आता ऐका, एम३५ आणि जी८५ दोन्हीला हे सगळे बँड आहेत. मोटो तर १३ ५जी बँड म्हणून जाहिरातच करतो, पण त्यातले बरेचसे आपल्याकडं वापरातच नाहीत, त्यामुळं कोणाला किती बँड असलं मोजत बसू नका, एन२८ आणि एन७८ आहेत का एवढंच बघा.

दुसरं, जिओला २जी ३जी काहीच नाही, पहिल्यापासून नाही. म्हणजे ४जी गेलं की फोन खाली कशावर उतरणार? कशावरच नाही, कॉलच बंद. एकाच टावरखाली दुसऱ्या कंपनीचं सिम २जीवर टुकूटुकू चालत राहतं आणि मग माणूस म्हणतो फोन खराब. फोन खराब नसतो.

आणि काड्यांवर जाऊ नका. कोणत्या सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. खरा आकडा डीबीएममधे असतो, ते सिग्नलच्या ताकदीचं माप. सॅमसंगमधे सेटिंग, अबाऊट फोन, स्टेटस इन्फर्मेशन, सिम कार्ड स्टेटस. मोटोमधे अबाऊट फोनमधे सिम स्टेटस. ४जीला उणे ८५ ते ९५ मस्त, उणे १०५ला कॉल लागतो, उणे ११५च्या पुढं गेलं की तुटातूट. आकडा उणे असतो म्हणून लहान दिसणारा चांगला, हे लक्षात ठेवा.

लातूरची_ताई
किती छान समजावून सांगितलं. आमच्या शाळेत सगळे काड्याच मोजतात.

आखाडा_परभणी
@बालाघाट_वारा भाऊ मग पत्र्याचं काय?

बालाघाट_वारा
पत्रा लोखंडाचा, तो सिग्नल अडवतोच. तुम्ही पन्नास हजाराचा फोन घ्या नाहीतर दहाचा, पत्र्याखाली तो दबणारच. दोन्ही फोन कोणाचे तरी मागून घ्या, एकच सिम आधी ह्यात मग त्यात टाका, आखाड्यात त्याच जागी ठेवून दोन मिनिटं थांबून आकडा बघा. दुकानात उभं राहून हे कळत नाही.

तुळजापूर_रोड
बूस्टर लावा की. ऑनलाईन मिळतंय, छताला अँटेना लावली की घरात फुल्ल.

बालाघाट_वारा
लावू नका. परवानगीशिवाय बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, आणि तो एकट्या तुमच्यापुरता राहत नाही, आजूबाजूच्या सगळ्यांच्या सिग्नलमधे कालवाकालव करतो. आम्हाला शोधत फिरावं लागतं, कोणत्या घरावर काय लावलंय म्हणून. त्यापेक्षा घरी वायफाय असंल तर वायफाय कॉलिंग चालू करा, जिओला २०२०पासून आहे, दोन्ही फोनला चालतं. रेंज शून्य असली तरी कॉल येतो.

पैठणगेट_दुरुस्ती
मी रिपेअरवाला, संभाजीनगर. बँड बिंड ह्यांनी सांगितलं, मी फुटल्यावरचं सांगतो कारण माझ्याकडं माणूस तेव्हाच येतो.

जी८५ची स्क्रीन दोन्ही बाजूनं वळलेली आहे. दिसायला एक नंबर, शोरूममधे पोरी पोरं तेच उचलतात. पण शेतात वापरणाऱ्या माणसाला वळलेली स्क्रीन मी तरी देणार नाही. खाली पडला की कोपरा आधी लागतो आणि कोपऱ्यात काचच आहे. त्यावर साधी टेम्पर्ड काच नीट बसत नाही, कडेनं हवा धरते, मग ती गोंद सांडून लाईटखाली वाळवायची काच लावावी लागते, तो गोंद लावणारा कच्चा असला की स्पीकरच्या जाळीत जातो, आवाज बसतो, आणि मग माणूस म्हणतो फोनच भिकार. एम३५ची स्क्रीन सपाट, गोरिला ग्लास व्हिक्टस प्लस, मोटोला गोरिला ५ आहे जी जुनी. सपाटला शंभर दीडशेची काच लावली विषय संपला.

मोटोच्या बाजूनं पण सांगतो, नाहीतर म्हणाल ह्याला सॅमसंगनं पैसे दिले. मोटोला आयपी५२ आहे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे थोडेफार. एम३५ला कोणतंच आयपी रेटिंग नाही. फवारा मारताना खिशात ठेवायचा असंल तर दोन्हीपैकी काहीच ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. आयपी५२ म्हणजे पाण्यात बुडवायचा नाही हो, लोक हौदात धुतात.

गोदाकाठ_नांदेड
कव्हर घातल्यावर काही होत नाही. माझा दोनदा पडला.

पैठणगेट_दुरुस्ती
तिसऱ्यांदा पडला की या 🙂

लातूरची_ताई
मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. आपण सगळे पुरुषमंडळी नेहमीसारखं मेगाहर्टझवर गेलात, अण्णांना कोणी विचारलं का? आमच्या बाबांना फोन घेतला तेव्हा मी आधी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणलं बाबा तुम्ही दिवसभरात फोनवर काय काय करता ते मला करून दाखवा. तर ते काय करतात, कॉल, व्हॉट्सॲपवर गावचा ग्रुप, हवामानाचे व्हिडिओ, आणि आडत्याशी बोलणं. त्यात सगळ्यात महत्त्वाचं निघालं कॉल रेकॉर्डिंग! कारण आडत्यानं फोनवर एक भाव सांगितला आणि हिशोबाच्या पट्टीवर दुसरा लावला की हातात काही नसतं.

सॅमसंगचं स्वतःचं डायलर, म्हणजे कॉल लावायचं ॲप आहे, त्यात आपल्याकडं रेकॉर्डिंगची सोय आहे आणि समोरच्याला काही ऐकू जात नाही, आपोआप सगळे कॉल रेकॉर्ड व्हावेत असंही ठेवता येतं. मोटोत गूगलचं डायलर, त्यात रेकॉर्ड लावलं की बाई मोठ्यानं बोलते, हा कॉल रेकॉर्ड होत आहे. आता एवढं ऐकल्यावर आडत्या पुढं काय बोलणार?

मोंढ्यावरचा
😂😂 ताई मी आडतीवरच बसतो. पण खरं आहे, आमच्याकडं बरेच शेतकरी ह्याच कारणासाठी सॅमसंग घ्यायलेत.

आखाडा_परभणी
ताई हे लाखाचं बोललात. हे अण्णांना विचारलंच नव्हतं. काल फोन केला तर म्हणाले, "मला अक्षर मोठं पाहिजे, आवाज मोठा पाहिजे, आणि ते बोट लावलं की उघडलं पाहिजे." एवढ्या तीन अटी. रेंजचं नावच घेतलं नाही, म्हणाले ती लिंबाखाली येते की.

लातूरची_ताई
बघा! अक्षर दोन्हीत मोठं करता येतं, सॅमसंगमधे इझी मोड म्हणून आहे तो लावून द्या, मोठे आयकॉन, कमी गर्दी. आवाजाला दोन्हीत दोन स्पीकर आहेत. राहिलं बोटाचं.

पैठणगेट_दुरुस्ती
बोटाचं नीट ऐका. मोटोचा सेन्सर स्क्रीनच्या आत, एम३५चा बाजूच्या बटणात. खुरपं धरून, कापूस वेचून ज्याची बोटं घासली गेलीत त्याला दोन्ही त्रास देणार, कारण दोन्हीला बोटावरच्या रेघाच लागतात. रेशनच्या दुकानात आधारच्या मशिनवर म्हाताऱ्या माणसाचं बोट घेत नाही ते तुम्ही बघितलंच असंल, तोच प्रकार. पण बाजूचं बटण असलं तर ते चाचपडून सापडतं, अंधारात मोटार चालू करायला निघालेल्या माणसाला काचेवर नेमकी जागा शोधायची गरज नाही. आणि स्क्रीनमधल्या सेन्सरवर जाड स्वस्तातली काच लावली की तो अजून आडमुठा होतो. एक युक्ती सांगतो, सेव्ह करताना एकच अंगठा दोनदा घालायचा, एकदा धुतलेला, एकदा शेतातून आल्यावर तसाच. फरक पडतो. आणि पिन पाठ करून ठेवा, चार आकडी.

तुळजापूर_रोड
आमच्या तात्यांनी पिन ठेवलाय जन्मसाल. सगळ्या गावाला माहिती.

गोदाकाठ_नांदेड
ठीक आहे सगळे सॅमसंगवर आलात, पण सॅमसंगमधे फुकटचे ॲप किती येतात ते कोणी बोलंना. चालू केल्या केल्या हे घ्या ते घ्या. मोटो एकदम साधा, स्वच्छ अँड्रॉइड. म्हाताऱ्या माणसाला तेच बरं ना? आणि उन्हात स्क्रीन, मोटोचा उजेड १६०० निट्सपर्यंत जातो, सॅमसंगचा १०००. एप्रिल मे महिन्यात परभणीच्या उन्हात बांधावर उभं राहून बघा मग कळंल.

बालाघाट_वारा
ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मान्य. पण फुकटचे ॲप तासाभरात काढून टाकता येतात, पोरगं बसलं पाहिजे एकदा. अपडेट काढता येत नाहीत वाढवून. सॅमसंगनं एम३५ला चार नवी अँड्रॉइड व्हर्जन आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट म्हणून सांगितलंय. मोटोनं जी८५ला दोन अँड्रॉइड आणि तीन वर्षं. आखाडा_परभणी भाऊ म्हणले ना एकदाच घ्यायचा, मग दोन हजार सत्तावीसनंतर अण्णांच्या बँकेच्या ॲपचं काय? बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडवर हळूहळू चालायची बंद होतात, हे सगळ्यांनी पाहिलंय.

चिपचं पण बोलतो. मोटोमधली स्नॅपड्रॅगन ६एस जेन ३ नाव नवं आहे, पण आत म्हणाल तर ती जुनी ६९५च थोडी पळवलेली. एम३५मधली एक्झिनॉस १३८० त्यापेक्षा ताकदीची आहे. एक्झिनॉस म्हणलं की लोक लगेच गरम गरम ओरडतात, ते महागड्या फोनांच्या जुन्या चिपवरून चालत आलेलं आहे. अण्णा काय गेम खेळणार आहेत का.

गोदाकाठ_नांदेड
बरं बाबा बरं. पण सेल्फी मोटोचा ३२ मेगापिक्सल आहे, सॅमसंगचा १३. हे तरी माझं राहू द्या.

लातूरची_ताई
राहू दिलं 😄 कॉलेजच्या मुलीला घ्यायचा असता तर मीही जी८५च म्हणलं असतं. दिसायला फार सुंदर आहे तो.

हिंगोली_हळद
मधेच विचारतो, माफ करा. मी वसमतचा. माझं सिम ५जीचं काहीच दाखवंना, फोन ५जी आहे, गावात ५जी आहे म्हणतात. म्हणजे फोन घेताना फसलो का?

बालाघाट_वारा
रिचार्ज कितीचा मारता?

हिंगोली_हळद
२९९.

बालाघाट_वारा
मग तिथंच आहे. ३ जुलै २०२४ला दर वाढले तेव्हापासून अनलिमिटेड ५जी फक्त रोज २ जीबी आणि त्याच्या वरच्या प्लॅनला आहे. २९९ हा दीड जीबीवाला, २८ दिवसांचा. २ जीबीवाला ३४९चा. आधी २३९ला पण ५जी मिळायचं ते गेलं. सेटिंगमधे नेटवर्क मोड ५जी ऑटो आहे का तेही बघा.

आणि @आखाडा_परभणी हे तुमच्यासाठी पण आहे. अण्णांना महिन्याला ५० रुपये जास्त घालून ५जी कशाला? आखाड्यावर ५जीची धार अर्धवट असंल तर फोन सारखा ५जी ४जी ५जी ४जी करत बसतो आणि बॅटरी खातो. सेटिंगमधे जाऊन सरळ ४जीवर लॉक करा. त्यात काही कमीपणा नाही. व्हॉट्सॲप आणि हवामानाला ४जी मस्त पुरतं.

मोंढ्यावरचा
हवामानावरून आठवलं. फोन आला की दामिनी ॲप टाकून द्या. पुण्याच्या आयआयटीएमनं काढलेलं आहे, वीज पडायची शक्यता असली तर आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरचा इशारा देतं. आपल्या मराठवाड्यात दरवर्षी किती माणसं आणि जनावरं विजेनं जातात तुम्हाला माहिती आहे, जूनमधे आणि आत्ता ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. लोकेशनची परवानगी कायम चालू लागते, नाहीतर ते झोपतं. सॅमसंगमधे बॅटरी वाचवायला न वापरलेले ॲप झोपवायची सवय आहे, दामिनीला त्यातून वगळा.

आखाडा_परभणी
हे टाकतोच. अण्णा वादळात पण शेळ्या आणायला निघतात.

तुळजापूर_रोड
पैठण गेटला जुना चांगला मिळंल की. एस सिरीजमधला, वीसमधे.

पैठणगेट_दुरुस्ती
माझ्याच गल्लीतलं बोलायले तर ऐका. मिळतात, चांगलेही मिळतात, पण वडिलांना भेट द्यायला जुना फोन नको, बॅटरी किती उरलीय हे विकणारा सांगत नाही. घेणारच असाल तर आधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर घ्या, मग मेसेजमधे इंग्रजीत KYM लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ला पाठवा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असंल तर कळतं. बिल नसलेला फोन फुकट दिला तरी घेऊ नका. आणि तुमचाच हरवला तर संचार साथी ह्या सरकारी साईटवर जाऊन ब्लॉक करता येतो, पोलीस तक्रारीची प्रत लागते, म्हणून बिल आणि बॉक्सवरचा नंबर आत्ताच फोटो काढून ठेवा.

आखाडा_परभणी
मंडळी, बालाघाट भाऊ म्हणले तसं केलं. रविवारी गावी गेलो होतो, मामाच्या पोराकडं जी८५ आहे आणि गावातल्या गुरुजींकडं एम३५. दोघांना धरून आखाड्यावर नेलं, गुरुजी म्हणाले काय परीक्षा घ्यायला का. अण्णांचं सिम आधी ह्यात मग त्यात. पत्र्याखाली बाजेवर ठेवून मोटो उणे ११०, सॅमसंग उणे १०८ ते १११ असा हलत होता. लिंबाखाली दोन्ही ९५च्या आसपास. म्हणजे फरक शून्यच म्हणा. पण गंमत म्हणजे पत्र्याखाली एकानं दोन काड्या दाखवल्या, एकानं तीन, आणि मामाचा पोरगा लगेच उड्या मारायला लागला की बघा माझा चांगला. त्याला आकडा दाखवला तर गप.

कॉल दोन्हीतून लागला. खिडकी केली तिथल्या कोनाड्यात ठेवला तर उणे १०२. मग अण्णांच्या हातात दोन्ही दिले. मोटो धरला, म्हणाले हलका आहे, चांगला आहे, आणि धरता धरता अंगठा कडेला लागून फोन कोणाला तरी लागला. वळलेली स्क्रीन. मग सॅमसंग धरला, "हा जड आहे पण हातात राहतो." उन्हात मोटो जास्त स्वच्छ दिसला हे खरं, नांदेडकर भाऊ तुमचा मुद्दा बरोबर होता.

गोदाकाठ_नांदेड
चला एक तरी गुण मिळाला.

बालाघाट_वारा
खिडकीचा कोनाडा उणे १०२ म्हणजे तिथंच खिळा ठोकून पिशवी टांगा, रात्री फोन तिथं. ह्याला खर्च शून्य.

मोंढ्यावरचा
मग कोणता घ्यायले?

आखाडा_परभणी
एम३५, ६ जीबी १२८. लाँचला १९,९९९ होता, मग सेलमधे बराच खाली आला, पण सगळ्यात कमी भाव क्रेडिट कार्डावर आहे आणि आपल्याकडं ते नाही. पुण्यातल्या मेव्हण्याला सांगितलंय. बहीण रुसलीय, तिला जी८५ पाहिजे, तिला म्हणलं बारावीचा निकाल लागू दे.

आता एक शेवटचं विचारतो. चार्जर बॉक्समधे नाही तर कोणता घेऊ? घरात जुने दोन तीन पडलेत.

लातूरची_ताई
कार्डावर घेताना हप्ते पडतात का ते नीट बघा, "विनाव्याज" लिहिलेलं असलं तरी प्रोसेसिंग फी लागते बऱ्याचदा. आणि मेव्हण्याचे पैसे आधी देऊन टाका 🙂 ऑर्डर पुण्याच्या पत्त्यावर मागवू नका, मग तो दिवाळीनंतर तिकडंच राहतो. तुमच्या वाळूजच्या पत्त्यावर मागवा, तुम्ही स्वतः उघडून बघा आणि मग गावाकडं न्या.

पैठणगेट_दुरुस्ती
चार्जर. एम३५ २५ वॅटपर्यंत घेतो, पण त्याला पीडी आणि पीपीएस (फास्ट चार्जिंगच्या पद्धती) लिहिलेला टाइप-सी चार्जर लागतो. दुसऱ्या कंपनीचा ६५ वॅट लिहिलेला जुना लावला तरी तो २५नं चार्ज करंलच असं नाही, ते आपापल्या भाषेत बोलतात, जमलं नाही की दहा पंधरा वॅटवर येतात. फोन खराब होत नाही, फक्त हळू होतो. आखाड्यावर जुना ठेवा, घरी चांगला एक घ्या. चौकातला दीडशेवाला नको, व्होल्टेज वर खाली झालं की तो आधी जातो आणि जाताना फोनच्या आतली चार्जिंगची चिप घेऊन जातो. मोटारीच्या बोर्डातून थेट वायर काढून चार्जिंग लावायची सवय असंल तर ती मोडा, आमच्याकडं आठवड्याला एक तरी तसला येतो.

आखाडा_परभणी
अण्णा तेच करतात 😅 सांगतो.

हिंगोली_हळद
३४९ मारला, ५जी आलं. आभारी आहे भाऊ. पण बॅटरी संध्याकाळपर्यंतच जायली आता.

बालाघाट_वारा
गावात ५जी, शेतात ४जी. शेतात गेलात की मोड बदलत जा, वरून पट्टी खाली ओढून मोबाईल डेटावर दाबून धरलं की सेटिंग लगेच उघडते. एवढं पण जमत नसंल तर परत २९९वर या, हळदीला काय ५जी लागत नाही.

तुळजापूर_रोड
@आखाडा_परभणी व्हॉट्सॲपचं बॅकअप घेतलं का जुन्यातून? जुना स्क्रीनचा पट्टा वाढायच्या आत घ्या, आमच्या तात्यांच्या जुन्याची स्क्रीनच गेली आणि नातीचे सगळे फोटो आतच राहिले.

आखाडा_परभणी
नाही घेतलं. आजच बहिणीला सांगतो, फोन तिच्याजवळच आहे. ड्राइव्हवर जागा आहे का बघावं लागंल, गावच्या ग्रुपवर सध्या निवडणुकीचे व्हिडिओच इतके यायलेत की सगळी जागा त्यांनीच खाल्ली.

लातूरची_ताई
बॅकअपमधे "व्हिडिओ धरा" ते बंद करा, मग मावेल. फोटो आणि मेसेज येतात. आणि सिम काढायच्या आधी बॅकअप पूर्ण झाला का ते बघा, नंतर ओटीपीची पळापळ होते.